ॲरे-ऑब्जेक्टची हेल्पर फंक्शन्स लिहिताना या चुका टाळा

रत्नागिरी-मालवणकडची मासळीच्या दरांची किंवा हापूसच्या ऑर्डरींची छोटी साइट असेल, तर जावास्क्रिप्टमध्ये मोठी लायब्ररी (तयार कोडचा संच) लागत नाही. पाच-सात ओळींची हेल्पर, म्हणजे मदतनीस, फंक्शन्स पुरतात. फक्त दिलेल्या यादीला (ॲरेला) त्यांनी हात लावता कामा नये. बहुतेक घोळ तिथेच होतात.

दर २५०, ९०० आणि १२०० आहेत. नुसतं सॉर्ट केलंत की क्रम येतो १२००, २५०, ९००. तुलनेचं फंक्शन दिलं नाही, तर जावास्क्रिप्ट आकड्यांची आधी स्ट्रिंग (मजकूर) करतं आणि मग अक्षरागणिक तुलना करतं. दोन दरांची वजाबाकी परत करणारं फंक्शन द्या, क्रम सुधारतो. दुसरी भानगड लवकर दिसत नाही: सॉर्ट मूळ ॲरेच बदलतं, त्यामुळे तीच यादी वापरणारा दुसरा तक्ताही हलतो. जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या आवृत्तीत आलेलं टूसॉर्टेड नवा ॲरे देतं. जुन्या फोनवर चालवायचं असेल तर आधी स्प्रेडने (तीन टिंबांनी) प्रत काढा, मग सॉर्ट करा.

स्प्रेडची प्रत मात्र वरवरची असते. ऑर्डरच्या आत पत्त्याचं ऑब्जेक्ट (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा गठ्ठा) असेल, तर ते दोन्हींत एकच राहतं. प्रतीत गाव देवगडचं मालवण केलंत की मूळ ऑर्डरही मालवणला निघते. जेसन (डेटाचं मजकुरी रूप) करून परत उलगडायची युक्ती नको, तारखेची स्ट्रिंग होते आणि अनडिफाइन्ड (किंमत न दिलेले) रकाने गळतात. आतल्या थरांसकट प्रत काढणारं स्ट्रक्चर्डक्लोन वापरा. ऑब्जेक्टमध्ये फंक्शन असेल तर ते एरर देतं, आणि तेच बरं.

पिनकोडनुसार गट पाडताना साधं ऑब्जेक्ट घेतलंत, तर मालवणचा ४१६६०६ आधी घालूनही रत्नागिरीचा ४१५६१२ वर येतो, कारण पूर्णांकासारख्या कीज (जोडीतली नावं) नेहमी चढत्या क्रमाने लागतात. घातलेला क्रम टिकवायचा असेल तर मॅप घ्या.

डिलिव्हरी खर्च शून्य असताना दोन उभ्या रेघांचा ‘किंवा’ शून्यालाही रिकामं धरून डीफॉल्ट रक्कम लावतो. तिथे दोन प्रश्नचिन्हं हवीत.

बेरजेच्या रिड्यूसला (यादीतून एकच उत्तर काढणाऱ्या फंक्शनला) सुरुवातीचं शून्य द्याच. आंब्याचा हंगाम संपून ऑर्डरींची यादी रिकामी झाली, की त्याशिवाय टाइपएरर येऊन पान अडतं.

चाचणीत प्रत्येक फंक्शनला फ्रीझ केलेला (बदल न होऊ देणारा) ॲरे द्या. आत सॉर्ट लपलं असेल तर लगेच एरर येईल. पण फ्रीझही वरच्याच थराचं असतं. आतला पत्ता वेगळा फ्रीझ करावा लागतो.