परदेशातली पगार स्लिप वाचायची कशी

"मामा, सोळाशे ठरले होते, चौदाशे चाळीसच आले. कंपनीने फसवलं बघा."

शारजातून आलेला हा मेसेज. पोरगा बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या गल्लीतला, वेल्डर, जाऊन दीड महिना झालेला. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत बावीस वर्षं पगाराचं रजिस्टर लिहिलं, म्हणून असली दुखणी माझ्याकडे येतात. त्याला म्हटलं, बँकेचा मेसेज नको, स्लिप पाठव. बँक फक्त किती आले ते सांगते. किती गेले आणि कुणाकडे गेले, ते स्लिपवरच कळतं.

स्लिप परक्या भाषेत आहे म्हणून बिचकू नका. आपल्या सीमाभागात शेताचा उतारा कन्नडमध्ये, पासबुक इंग्रजीत आणि लग्नपत्रिका मराठीत. तो उतारा आपण कसा वाचतो? आधी नाव शोधतो, मग सर्व्हे नंबर, मग एकर-गुंठे, आणि अडलेला एखादा शब्द कुणाला तरी विचारतो. पगाराची स्लिपही तशीच वाचायची.

पहिलं काम : करार आणि स्लिप शेजारी शेजारी ठेवा

तोंडी ठरलेला आकडा विसरा. करारात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगळं लिहिलेलं असतं. आमच्या वेल्डरचे सोळाशे दिरहम म्हणजे मूळ १०००, जेवणाचे ३०० आणि इतर ३००. ही फोड लहानसहान वाटते, पण संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. किमान एक वर्ष भरलं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. मूळ १००० असेल तर वर्षाचे ७०० दिरहम होतात, मूळ ६०० असेल तर ४२०. एकूण पगार दोन्हीकडे सोळाशेच! म्हणून सही करण्याआधी बघायचा आकडा एकूण नव्हे, मूळ.

ओव्हरटाइमही मूळ पगारावरच. १००० ला ३० ने भागा, मग ८ ने : तासाचे ४.१७ दिरहम. दिवसाच्या जादा तासाला त्यावर २५ टक्के धरले की ५.२१ होतात. रात्री १० ते पहाटे ४ च्या तासांना साधारणपणे ५० टक्के जादा. मोबाईलमध्ये रोजचे तास लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

दुसरं काम : कपातीला रोजाने भागा

ही माझी जुनी कारकुनी युक्ती. एकूण पगाराला ३० ने भागून एका दिवसाचा पगार काढायचा आणि कापलेल्या रकमेला त्याने भागायचं. १६०० चा रोज ५३.३३. कापलेले १६० त्याने भागले की बरोबर ३ येतात. पूर्ण आकडा आला की समजायचं, खाडे धरलेत. विचारल्यावर पोरगा म्हणाला, "तीन दिवस ताप होता, पण डॉक्टरची चिठ्ठी दिली होती की!" चिठ्ठी खरी, ताप खरा, पण तो प्रोबेशनवर, म्हणजे नोकरीच्या सुरुवातीच्या परीक्षेच्या काळात. अमिरातीत प्रोबेशनच्या काळात आजारपणाची रजा पगारी नसते. म्हणजे फसवणूक नव्हती, नियम माहीत नव्हता. उत्तर अपूर्णांकात आलं असतं तर मात्र कापण्याचं दुसरं कारण शोधावं लागलं असतं.

तिसरं काम : प्रत्येक कपात कुणाकडे जाते ते विचारा

आपल्याकडे स्लिपवर पीएफ १२ टक्के, ईएसआय ०.७५ टक्के, आणि पगार २५ हजारांच्या वर असला तर कर्नाटक सरकारचा महिना साधारण २०० रुपये व्यवसाय कर. यातला पीएफ आपला, ईएसआय दवाखान्यासाठी, व्यवसाय कर सरकारचा. परदेशातही हीच तीन खाती : परत मिळणारं, अडीअडचणीला कामी येणारं, आणि गेलं ते गेलं. चौथं खातं कंपनीचं, आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं ते तेच.

अमिराती आणि सौदीत पगारावर आयकर नाही. तिथल्या स्लिपवर 'टॅक्स' म्हणून काही कापलेलं दिसलं तर लगेच विचारा. अमिरातीत २०२३ पासून बेरोजगारी विमा सक्तीचा आहे. मूळ पगार १६ हजार दिरहमपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम, वर असेल तर १०. तो विमा कामगाराने स्वतः काढायचा असतो. न काढल्यास दंड ४०० दिरहम. पाच दिरहमसाठी चारशे घालवू नका.

'ॲडव्हान्स' या शब्दापाशी थांबा. तुम्ही उचल घेतलीच नसेल तर तो बहुतेक व्हिसाचा किंवा भरतीचा खर्च असतो, आणि तो कामगाराकडून सरळ किंवा आडवळणाने वसूल करायला अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने मनाई आहे. खरीच उचल घेतली असेल तर ती लेखी संमतीने आणि बिनव्याजी कापायची. कपातीची कारणं कितीही असली तरी सगळी मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. इथल्या एजंटचंही तेच. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. खानापूर-निपाणीकडची पोरं लाखभर देतात आणि पावती मागायला लाजतात, याचा मला राग येतो. तक्रार करायची तर अमिरातीच्या कामगार मंत्रालयाकडे, आणि सोबत दुबईतलं भारत सरकारचं प्रवासी साहाय्यता केंद्र आहे.

जर्मनीला गेलेल्यांसाठी

इथे नर्सिंग करून गेलेल्या मुली पहिली स्लिप बघून रडतात. 'ब्रुटो' म्हणजे ठरलेला पगार, 'नेटो' म्हणजे कपातीनंतरचा, आणि दोन्हींतलं अंतर मोठं. २०२५ च्या दरांनी ३००० युरोवर हिशोब करू. आरव्ही म्हणजे पेन्शन, ९.३ टक्के : २७९. केव्ही म्हणजे आरोग्य विमा, ७.३ टक्के : २१९, शिवाय विमा संस्थेच्या जादा दराचा निम्मा भाग. एव्ही म्हणजे बेरोजगारी विमा, १.३ टक्के : ३९. पीव्ही म्हणजे म्हातारपणी-आजारपणी शुश्रूषेचा विमा. २३ वर्षांवरच्या आणि मूल नसलेल्यांना २.४ टक्के : ७२. हे झाले ६०९, आरोग्य विम्याचा जादा दर आणि आयकर अजून वेगळे. मालकही स्वतःचा वाटा भरतो, पण तो तुमच्या पगारातून जात नाही.

आयकर ठरतो करवर्गावर, म्हणजे लग्न वगैरे बघून लागणाऱ्या कराच्या गटावर. नवरा किंवा बायको बेळगावात असेल तर लग्न झालेलं असूनही साधारणपणे पहिलाच वर्ग लागतो. अकरा अंकी करक्रमांक मालकाला वेळेत दिला नाही तर सहावा वर्ग लागतो, सगळ्यात महागडा. हा क्रमांक पोस्टाने येतो, आणि टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. भाड्याने खोली घेतल्यावर पेटीवर नावाची चिठ्ठी आधी चिकटवा, बाकी सामान नंतर लावा!

पत्त्याची नोंदणी करताना धर्म विचारतात. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर लागतो. आपल्याकडच्या ख्रिस्ती मुलींना हे आधी कुणी सांगत नाही. भरायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण स्लिपवर तो पहिल्यांदाच बघून दचकायला नको.

पेन्शनचे पैसे बुडत नाहीत. पाच वर्षांहून कमी हप्ते भरून कायमचे परत आलात, तर युरोपियन युनियन सोडल्यावर २४ महिन्यांनी आपल्या वाट्याचे पैसे परत मागता येतात. मालकाचा वाटा मिळत नाही. पाच वर्षं भरली तर वय झाल्यावर पेन्शन भारतातही मिळते. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. तुम्हाला इथल्याच कंपनीने तिकडे पाठवलं असेल आणि पीएफ इथे चालू असेल, तर पीएफ कार्यालयाकडून दाखला घ्या. मग तिथला पेन्शनचा हप्ता कापत नाहीत.

इंग्लंडवाल्यांनी स्लिपवरचा टॅक्स कोड तेवढा बघावा. १२५७एल असला तर बहुधा ठीक. कोडच्या शेवटी 'एम१' किंवा 'डब्ल्यू१' असलं तर तात्पुरता कोड लागलाय. तो दुरुस्त करून घ्या.

स्लिपा जपा

दर महिन्याची पीडीएफ स्वतःच्या मेलवर पाठवा आणि एक प्रत घरी. कंपनीचं पोर्टल नोकरी सुटली की बंद होतं. जर्मनीत चार वर्षं मागचं आयकराचं विवरणपत्रही भरता येतं, आणि वर्षाच्या मधेच कामाला लागलेल्यांना बऱ्याचदा परतावा मिळतो.

आमच्या वेल्डरने पुढच्या महिन्यात ओव्हरटाइमचे तास स्वतः मोजले. त्याच्या मोबाईलमध्ये ५२, स्लिपवर ४८. चार तास, म्हणजे एकवीस दिरहमचा प्रश्न. "जाऊ दे म्हणू का, मामा?" असं त्याने विचारलं, पण माझं उत्तर पोचायच्या आत तो टाइमकीपरच्या केबिनबाहेर उभा होता.