मिठातले आर्किया वाढवताय? मग या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की प्रोजेक्टची पोरं आंबोली घाट उतरून शिरोड्याच्या मिठागरातनं गुलाबी पाणी भरून आणतात (त्यातले मीठप्रेमी सूक्ष्मजीव म्हणजे हे आर्किया), इकडं कोल्हापुरात प्लेटवर लाल कॉलनी पण छान येतात, आणि मग एक दिवस कुणीतरी रडकुंडीला येऊन म्हणतं, मॅडम कल्चर गेलं. परवा पण तेच. मी विचारलं, पेलेट, म्हणजे सेंट्रीफ्यूजमध्ये तळाशी बसलेल्या पेशी, कशानं धुतलीस? म्हणाली, डिस्टिल्ड वॉटरनं, दोनदा धुतली. अगं, तिथंच संपलं की सगळं. ट्यूबमध्ये गुलाबी चिकट लाळ उरलेली, ती म्हणजे पेशी फुटून बाहेर आलेला डीएनए.

बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे, आपण यांना ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या बॅक्टेरियासारखं वागवतो. यातल्या नेहमी वाढवतात त्याचं नाव हॅलोबॅक्टेरियम असलं तरी हा बॅक्टेरिया नव्हे. १९७७ मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी आर्कियांचा गट वेगळा काढला, हे नाव त्याच्या आधीचं, ते तसंच राहिलं. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के, यांना लागतं वीस-पंचवीस टक्के. बाहेर एवढं मीठ म्हणून हे पेशीच्या आत पोटॅशियम क्लोराइड ठासून भरतात, आणि त्यातही काम करता यावं म्हणून यांच्या प्रोटीनवर अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक अ‍ॅसिडची गर्दी असते. ते निगेटिव्ह चार्ज एकमेकांना ढकलतात, मीठ असेल तोवर घडी टिकते, मीठ काढलं की प्रोटीन उलगडतं आणि वरचं एस-लेयरचं कवच पण सुटतं. म्हणून धुवायचं असेल, डायल्यूट करायचं असेल, ओडीचा (गढूळपणावरनं वाढ मोजायचा) ब्लँक लावायचा असेल, सगळं त्याच मिठाच्या पाण्यात करायचं, फक्त पेप्टोन (पेशींचं प्रोटीनचं खाद्य) नसलेल्या. एकच अपवाद, डीएनए काढायचा असेल तर साधं पाणीच घाला, पेशी फोडायच्या लायसिस बफरची गरजच नाही.

स्लाइडचं पण तसंच. नेहमीसारखी ग्रॅम स्टेनिंग केली तर पेशी फुटतात नाहीतर मिठाचे खडेच दिसतात. दोन टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये फिक्स करा, मग रंगवा.

आता मीडियम. एका लिटरला २५० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, ३ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, २ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, १० ग्रॅम पेप्टोन. इथं पोरं काय करतात, एक लिटर पाणी घेतात आणि त्यात पाव किलो मीठ ओततात, मग व्हॉल्यूम लिटरच्या वर जातं आणि सगळंच पातळ होतं. आधी कमी पाण्यात विरघळवा आणि शेवटी लिटर पुरा करा. प्लेट घट्ट करणारी अगर पावडर एवढ्या मिठात लवकर विरघळत नाही, ऑटोक्लेव्हच्या आधीच उकळून घ्या.

पेप्टोनवर मी मुद्दाम थांबते कारण याच्यात लई जणांचे महिने गेलेत. काही पेप्टोनमध्ये बाइल सॉल्ट (पित्तातले क्षार) असतात आणि हॅलोबॅक्टेरियम त्यानंच फुटतं, मग मीठ बरोबर, पीएच बरोबर, तापमान बरोबर, तरी वाढ नाही आणि कळत नाही काय चुकलं. कंपनी किंवा बॅच बदलली की आधी छोट्या फ्लास्कमध्ये बघा.

आणि धीर धरा. दुसऱ्या दिवशी प्लेट रिकामी दिसली म्हणून टाकून देऊ नका, ३७ ते ४५ डिग्रीला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात प्लेट सुकते आणि मिठाचे खडे कॉलनीसारखे दिसायला लागतात, म्हणून प्लेट प्लास्टिक पिशवीत बंद करून ठेवायच्या.

लाल दिसलं म्हणजे आर्कियाच, हे पण धरून चालू नका. ड्युनालिएला नावाचं शेवाळ लाल होतं, सॅलिनीबॅक्टर रूबर हा खराखुरा बॅक्टेरिया पण लाल असतो. आर्कियाचा रंग बॅक्टेरिओरुबेरिनचा. खात्री पाहिजे तर १६एस (जीव ओळखायच्या जीनचा पीसीआर) करा, पण आर्कियाचे प्रायमर लावून, बॅक्टेरियाचा २७एफ प्रायमर लावून बँड येत नाही म्हणून रडू नका. पेनिसिलिनचा यांच्यावर परिणाम होत नाही, भिंतीत पेप्टिडोग्लायकनच नाही ना, उलट मिठागराच्या नमुन्यात बॅक्टेरिया दाबायला अँपिसिलिन चालतं. सिलेक्शनला (हव्या त्या पेशी निवडायला) मात्र नोव्होबायोसिन नाहीतर मेव्हिनोलिन ही औषधं.

लोणारचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं ते आघारकर संस्थेनं तपासलं आणि हॅलोआर्कियाच (हेच मिठातले आर्किया) निघाले. पण लोणारचं पाणी अल्कलीचं, तिथला नमुना सातच्या पीएचच्या मीडियमवर टाकून वाढेल असं समजू नका.

उपयोगाच्या बाजूला आपल्या भागात स्कोप आहे असं मला मनापासून वाटतं. हॅलोफेरॅक्स मेडिटेरेनी पेशीत पीएचबीव्ही नावाचं विघटनशील प्लास्टिक साठवतं, आणि साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतल्या स्पेंट वॉशवर (सांडपाण्यावर) ते वाढवलेलं आहे. पण स्पेंट वॉश थेट ओतला की त्यातले पॉलिफेनॉल वाढ दाबतात, आधी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलमधनं काढावा लागतो. शेवटी मात्र पाणी घातलं की पेशी आपोआप फुटतात आणि प्लास्टिकचे दाणे मोकळे होतात. एन्झाइमवर काम करत असाल तर त्याची चाचणी घेताना बफरमध्ये मीठ घाला, नाहीतर अ‍ॅक्टिव्हिटी शून्य येते आणि बिचारा स्ट्रेन नापास होतो.

याच जीवांचा त्रास पण कोल्हापुराला नवा नाही. खारवलेल्या कातड्यावर जे लाल डाग पडतात ते यांचेच, आणि हॅलोबॅक्टेरियमचा टाइप स्ट्रेन (त्या जातीचा प्रमाण नमुना) पण खारवलेल्या गाईच्या कातड्यावरनंच मिळालेला. चपलेसाठी कातडं घेणाऱ्यानं हे डाग दिसल्यावर नुसतं पुसू नये, मीठ बदलावं, कारण जुन्या मिठातनंच ते परत येतात.

काम झालं की सेंट्रीफ्यूजचा रोटर, वजनकाटा, शेकरचे क्लँप ओल्या फडक्यानं पुसा, हे मीठ आठवड्यात स्टील खातं. आणि वापरलेलं मीडियम ऑटोक्लेव्ह केलं तरी बेसिनमध्ये ओतू नका, पाव किलो मीठ गटारातनं पंचगंगेला जातं. आम्ही ते गच्चीवर ट्रेमध्ये उन्हात वाळवतो आणि उरलेलं मीठ पुढच्या बॅचच्या सरावाच्या प्लेटना वापरतो.