देशाचे डोमेन एक्स्टेन्शन निवडताना: आधी नियम वाचा, मग नावाच्या प्रेमात पडा

साइटसाठी एकच चांगले नाव दोन-तीन देशांच्या एक्स्टेन्शनमध्ये (नावाच्या शेवटी येणारा डॉट इन, डॉट डीई असा भाग) मोकळे सापडते आणि प्रश्न पडतो, कोणते घ्यावे? यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘सध्या ज्याची हवा आहे ते घ्या’. असा सल्ला देणाऱ्याने रजिस्ट्रीचे (एक्स्टेन्शन सांभाळणाऱ्या संस्थेचे) नियम बहुधा उघडूनही पाहिलेले नसतात. ट्रेडमार्क तपासणे, रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) खाते उघडणे, नाव लिहायला-बोलायला सोपे असणे, एवढे तुम्हाला येते असे धरून पुढे जातो.

१. नाव पुढे विकायचे की त्यावर साइट उभारायची, ते लिहून काढा

विकायचे असेल तर गिऱ्हाईक कोण, हे एका वाक्यात लिहा. ‘कोणीतरी कंपनी घेईल’ हे उत्तर धरायचे नाही.

२. एक्स्टेन्शन देशाचे उरले आहे की जगाचे झाले आहे?

जर्मनीचे डॉट डीई किंवा नेदरलँड्सचे डॉट एनएल तिथले लोक रोज वापरतात. तुवालूचे डॉट टीव्ही, माँटेनेग्रोचे डॉट एमई, अँग्विलाचे डॉट एआय आणि २०१० मध्ये सर्वांसाठी खुले झालेले कोलंबियाचे डॉट सीओ मात्र देशाबाहेरच जास्त ओळखले जातात. गूगलही हा फरक करते. डॉट एआय, डॉट टीव्ही, डॉट एमई, डॉट सीओ अशा काहींना ते सर्वसाधारण एक्स्टेन्शनसारखे वागवते. डॉट डीई किंवा डॉट इन दिसले की साइट त्या देशासाठी आहे असे समजते. म्हणून एका देशातल्या वाचकांसाठी साइट उभारायची असेल, तर त्याच देशाचे एक्स्टेन्शन घ्या. जगभरच्या वाचकांसाठी उभारायची असेल, तर डॉट डीईवर बांधू नका.

गुंतवणुकीतही हेच धोरण लागू पडते. देशाच्या एक्स्टेन्शनमध्ये त्या देशाच्या भाषेतला, तिथल्या धंद्यातला शब्द घ्या. ती भाषा येत नसेल तर तो बाजार सोडून द्या. शब्दकोश उघडून केलेली खरेदी वर्षानुवर्षे पडून राहते.

मागणी खरी आहे का, हे पाहायला शोध फक्त त्या एक्स्टेन्शनपुरता मर्यादित करा आणि निकालांची काही पाने चाळा. दुकाने, दवाखाने, वर्तमानपत्रे दिसली तर बाजार जिवंत आहे. ‘हे डोमेन विक्रीस आहे’ अशीच पाने दिसत राहिली, तर तिथे गुंतवणूकदारच एकमेकांना माल विकत आहेत.

३. नियम वाचा: खरी परीक्षा इथे

मला सगळ्यात जास्त वेळ ही पायरी शिकायला लागला, म्हणून इथे घाई करू नका. डॉट कॉमच्या घाऊक दरावर कराराचे बंधन आहे. देशांच्या एक्स्टेन्शनना तसे कोणतेही सामाईक बंधन नाही. दर, पात्रता, तक्रार निवारण हे सगळे ती ती रजिस्ट्री आणि तिच्यामागचा देश ठरवतो. तेव्हा आयाना या संस्थेच्या रूट झोन यादीत, म्हणजे जगभरच्या एक्स्टेन्शनांच्या यादीत, कोड शोधा, त्यापुढे कोणत्या संस्थेचे नाव आहे ते पाहा आणि त्या संस्थेच्या साइटवरचे मूळ धोरण वाचा. रजिस्ट्रारच्या मदत-पानावर विसंबू नका. तिथला मजकूर अनेकदा जुना असतो.

पहिली गोष्ट पात्रता. ऑस्ट्रेलियाच्या डॉट एयूला त्या देशाशी आपला दुवा दाखवावा लागतो, कॅनडाच्या डॉट सीएला आणि अमेरिकेच्या डॉट यूएसलाही. ही अट ओलांडण्यासाठी काही रजिस्ट्रार स्थानिक प्रतिनिधीच्या नावावर डोमेन नोंदवून देतात. माझे ठाम मत आहे की गुंतवणुकीसाठी हा मार्ग कधीही धरू नये. कागदावर मालक तो प्रतिनिधी असतो आणि वाद झाला की तुमच्या हातात फक्त पावती उरते. शिवाय आज असलेली पात्रता उद्या जाऊ शकते. ब्रेक्झिटनंतर २०२१ मध्ये, युरोपीय संघाशी नागरिकत्वाचा किंवा पत्त्याचा दुवा न उरलेल्या ब्रिटनमधल्या धारकांचा डॉट ईयूवरचा हक्क संपला. यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

दुसरी गोष्ट मजकुरावरचा हक्क. लिबियाच्या रजिस्ट्रीने २०१० मध्ये डॉट एलवायवरची एक लिंक छोटी करणारी सेवा तिथल्या कायद्याचे कारण देऊन बंद केली. नाव गोड वाटते म्हणून आपण ज्या देशाच्या कायद्याखाली जातो, तो कायदा आपल्या मजकुराला चालणार आहे का, हे आधी बघा.

तिसरी गोष्ट कोडचे भवितव्य. हे दोन अक्षरी कोड आयएसओ ३१६६ या देशांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीवरून येतात. देश मोडला की कोडही जाऊ शकतो. युगोस्लाव्हियाचे डॉट वाययू २०१० मध्ये कायमचे बंद झाले. सोव्हिएत संघाचे डॉट एसयू मात्र देश गेल्यावरही चालू राहिले, त्यामुळे एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढू नका. आज हा प्रश्न डॉट आयओला लागू आहे, कारण तो ज्या ब्रिटिश प्रदेशाचा कोड आहे ती हिंदी महासागरातली चागोस बेटे मॉरिशसला देण्याच्या करारावर ब्रिटनने मे २०२५ मध्ये सही केली. कोड यादीतून निघालाच तर सध्याच्या धोरणाप्रमाणे पाच वर्षांची मुदत मिळते आणि ती आणखी पाचपर्यंत वाढू शकते. साइट उभारणाऱ्याला घाबरून पळायचे कारण नाही. पण दहा वर्षे धरून ठेवायच्या हिशेबाने मोठी रक्कम मोजणार असाल, तर मी डॉट आयओ घेऊ नका असेच सांगेन.

चौथी गोष्ट नवी दारे. ब्रिटनने २०१४ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये मधला भाग नसलेली छोटी नावे (डॉट सीओ डॉट यूकेऐवजी नुसते डॉट यूके अशी) खुली केली. जुन्या धारकांना प्राधान्य मिळाले, तरी एका नावाची दोन रूपे बाजारात आली. अशा देशात दोन्ही रूपे मिळत असतील तरच पुढे जा.

४. नूतनीकरणाचा दर शोधा

कार्टमध्ये मोठ्या अक्षरात दिसतो तो पहिल्या वर्षाचा दर. त्याखालची बारीक ओळ वाचा. ‘प्रीमियम’ म्हणजे मुद्दाम महाग ठेवलेल्या नावांत काही रजिस्ट्री दरवर्षी तोच चढा दर घेतात. डॉट एआयला किमान दोन वर्षांची नोंदणी लागते, तोही खर्च धरा. पाच वर्षांची बेरीज करून मगच दोन एक्स्टेन्शनांची तुलना करा.

५. त्याच नावाचे डॉट कॉम उघडून पाहा

तिथे चालता धंदा असेल तर तुमचे काही ग्राहक आणि काही मेल तिकडे जाणारच. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक कंपनीने २०११ मध्ये ‘ओ डॉट सीओ’ हे नाव मिरवले. लोक ‘ओ डॉट कॉम’ टाइप करू लागल्यावर ती मूळ नावाकडे परतली. डॉट कॉमपेक्षा एका अक्षराचाच फरक असलेले डॉट सीओ घेताना ही तपासणी टाळू नका.

६. घ्या

नोंदणी स्वतःच्या खऱ्या नावाने करा आणि ऑटो-रिन्यू चालू ठेवा. मुदत संपल्यावर नूतनीकरणासाठी मिळणारा जादा वेळ प्रत्येक रजिस्ट्रीचा वेगळा असतो, तोही त्याच धोरणात वाचून ठेवा. संपर्काचा ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडले की मुदत संपल्याची सूचनाही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.