मुलाखतीचे कपडे घेताना या चुका टाळा: ब्लेझर राहू द्या, आधी टेलर गाठा

मुलाखतीचा मेल आला की घरात पहिला विषय निघतो तो ब्लेझरचा. मामा म्हणतो, घेऊन टाक, पुढे लग्नकार्यातही होईल. मग तीन हजारांचा ब्लेझर येतो. त्याच्या आत कॉलेजच्या कार्यक्रमाला घेतलेला शर्ट, खाली ढगळ पँट आणि पायात भावाचे बूट. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसते आहे. पहिल्या नोकरीसाठी आलेल्या कुणाला ब्लेझर नव्हता म्हणून नाकारलेलं माझ्या पाहण्यात नाही. कॉलर ओढत, बाही मागे सारत, ओढणी सावरत उत्तरं देणारी मुलंमुली मात्र नेहमी दिसतात. येत असलेलं उत्तरही त्या ओढाताणीत चुकतं.

तेव्हा हातात तीन हजार रुपये आहेत असं धरू आणि ते कुठे वाया जातात ते बघू.

नुसता आकडा बघून शर्ट उचलणं

ब्रँडेड फॉर्मल शर्टावरचा ३९, ४०, ४२ हा आकडा बहुधा कॉलरचा असतो आणि तो सेंटीमीटरमध्ये असतो. साध्या दुकानातल्या शर्टावर तोच ४० छातीचा असू शकतो, इंचांत. पँटवरचा ३२ किंवा ३४ म्हणजे कंबर, पुन्हा इंचांत. मुलं हे सगळे आकडे एकाच तागडीत तोलतात आणि "माझा साइज चाळीस" म्हणून मोकळी होतात. एका कंपनीचा एल दुसरीच्या एमएवढा निघतो तो वेगळाच.

शर्ट घालून बघताना खांद्यापासून सुरुवात करा. बाही जिथे जोडलेली असते ती शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर यायला हवी. दंडावर उतरली असेल तर शर्ट मोठा, मानेकडे सरकली असेल तर लहान. वरचं बटण लावून कॉलरमध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. एवढं जमलं की ट्रायल रूममध्ये खाली बसा, बसायला काही नसेल तर उकिडवे बसा, आणि दोन्ही हात पुढे करा. छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडते का, शर्ट पँटीतून बाहेर येतो का, हे तेव्हाच कळतं. आरशासमोर ताठ उभं राहिलं की सगळेच कपडे बरे दिसतात, पण मुलाखत बसून द्यायची असते.

खांदा आणि कॉलर नीट असेल तर बाकीचं टेलर सांभाळतो. शर्टाच्या कडेच्या शिवणी आत घेणं, पाठीला दोन डार्ट (कापड चिमटून मारलेल्या उभ्या टिपा) घालणं, बाही आखूड करणं, पँटीची उंची आणि कंबर कमी करणं ही सगळी शंभर-दीडशेच्या आतली कामं. खांदा उतरवायला मात्र शर्ट अर्धा उसवावा लागतो. कुणी पैसे घेऊन करून दिलं तरी बहुतेक वेळा तिथे चुणी राहते. पँट कमरेत घट्ट असेल तर ती उलटी करून मागची शिवण बघा. आत इंच-दीड इंच कापड दुमडून ठेवलेलं असेल तर सैल करता येते. स्वस्त पँटीत नेमकं तेच कापड वाचवलेलं असतं.

अंगाने भरलेली मुलं पोट झाकायला दोन नंबर मोठा शर्ट घेतात. कापड खांद्यापासून तंबूसारखं खाली येतं आणि माणूस आहे त्याहून रुंद दिसतो. मापाचा खांदा आणि पोटावर चार बोटं सैल, एवढं पुरे. बारीक मुलं याच्या उलट करतात. स्लिम फिट म्हणून अंगाला चिकटलेला शर्ट घेतात आणि त्यातून खांद्याची हाडं दिसतात. त्यांनी जरा जाड कापडाचा, साध्या मापाचा शर्ट घ्यावा. उंची कमी असेल तर शर्ट आणि पँटच्या रंगांत फार मोठा फरक नको. आणि पँट बेंबीखाली लटकू देऊ नका, कमरेवर घाला. पाय लांब दिसतात. याला खर्च शून्य.

शिवून घेणं आता परवडत नाही, हा गैरसमज

हा हिशेब एकदा करून बघाच. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटीला १.२० मीटर लागतं. अंगापिंडाने मोठे असाल तर टेलरला विचारून थोडं जास्त घ्या. शर्टाचं बरं कापड दोनशे-अडीचशे रुपये मीटरने मिळतं, म्हणजे चारशेच्या आत. शिलाई साडेतीनशे-चारशे. पँटीचं कापड आणि शिलाई मिळून आठशे-नऊशे. गावागणिक पन्नास-शंभर इकडेतिकडे, पण दोन्ही कपडे सोळाशे-सतराशेत होतात, तेही तुमच्या मापाचे. मॉलमध्ये एवढ्यात चांगला एक शर्ट येतो.

पुण्यात रविवार पेठेतला कापडगंज, मुंबईत मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता, नागपुरात गांधीबाग इथे ताग्यातून कापून कापड मिळतं. इचलकरंजी-भिवंडीच्या मागांवरचं कापड तालुक्याच्या दुकानातही येतंच, त्यासाठी शहर गाठायला नको.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे सुती कापड न भिजवता शिवायला देणं. नव्या कापडाला खळ असते. पहिल्या धुण्यात ती जाते, कापड आटतं, आणि महिन्याभरापूर्वी मापाची असलेली बाही मनगटाच्या वर चढते. रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच कापड द्या. दुसरं म्हणजे वेळ. लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर "परवा या" म्हणजे किती दिवस, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मुलाखतीची तारीख टेलरला तीन दिवस अलीकडची सांगा. एवढं खोटं चालतं.

आणि माप देताना तुमचा सगळ्यात अंगासरशी बसणारा जुना शर्ट सोबत न्या. टेप लावताना आपण नकळत पोट आत घेतो, जुना शर्ट घेत नाही.

कापडाची चकाकी आणि घाम

शोरूमच्या दिव्यांखाली चमकणारा सॅटिनसारखा शर्ट ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली ऑर्केस्ट्रातला दिसतो. नुसतं पॉलिस्टर तर घ्यायचंच नाही. घाम शोषत नाही, वास धरतं. पण शंभर टक्के कॉटनचाही हट्ट नको, कारण विरारहून अंधेरीला लोकलने पोचेपर्यंत त्याची इस्त्री मोडलेली असते. कॉटन जास्त असलेलं मिश्र कापड शर्टाला, आणि पॉलिस्टर-व्हिस्कोस पँटीला, ही जोडी आपल्या हवेत टिकते. शर्ट राखाडी रंगाचा नको, त्यावर घाम सगळ्यात जास्त दिसतो. पांढरा किंवा बारीक रेघांचा बरा. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन घातलं की त्याची बाह्यरेषा स्पष्ट उमटते. तिथे त्वचेच्या रंगाचं किंवा फिकट राखाडी बनियन घालून बघा, जवळजवळ दिसत नाही.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर बारीक चौकटी आणि अगदी जवळजवळच्या रेघा टाळा, कॅमेऱ्यात त्या थरथरतात. आणि खाली पँट घाला. चार्जर लावायला उठावं लागतं.

मुलींच्या बाबतीत

"फॉर्मल म्हणजे शर्ट-पँटच" हे कुणीतरी डोक्यात भरवून दिलेलं असतं. आयुष्यात कधी ट्राउझर न घातलेली मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा घालते आणि तासभर अवघडून बसते. साधा, एकरंगी किंवा बारीक छापाचा, गुडघ्याखाली येणारा कुर्ता आणि सरळ पँट कुठेही चालते. लेगिंग नको. बसल्यावर कुर्त्याच्या कटमधून ती ताणलेली दिसते आणि गुडघ्यावर विटलेला रंगही दिसतो. कट कमरेपर्यंत आला असेल तर दोन इंच शिवून घ्या, वीस रुपयांचं काम. पांढरा किंवा पिवळा कुर्ता खिडकीसमोर धरून बघा, पारदर्शक वाटला तर अस्तर लावून घ्या.

ओढणी घ्यायची तर सुती, आणि खांद्यावर आतून पिन लावलेली. शिफॉन-जॉर्जेट घसरतं आणि हात सारखा तिकडे जातो. ओढणीशिवाय चालणार असेल तर कुर्त्यावर जाकीट घाला किंवा नुसता कुर्ता पुरे. शाळा-कॉलेजातल्या जागेसाठी, खास करून जुन्या संस्थांमध्ये, साडीची अपेक्षा असते. तिथे आईची काठापदराची भारी साडी नेसू नका, बारीक काठाची सुती किंवा सुती-रेशमी पुरे. ब्लाउज मात्र स्वतःच्या मापाचा हवा. उसना ब्लाउज पाठीवर सुटतो आणि ते फक्त नेसणारीलाच कळत नाही. बांगड्यांपैकी एक-दोन ठेवा, लिहायला सांगितलं की टेबलावर वाजतात.

चाकण-रांजणगावच्या कारखान्यात मुलाखत असेल तर हिशेब वेगळा. मुलाखतीनंतर शॉपफ्लोअर, म्हणजे यंत्रं चालतात तो भाग, दाखवायला नेतात. सुटी ओढणी, टाचेचे सँडल, लोंबते कानातले असतील तर दारातच अडवतील.

बूट: नको तिथे काटकसर

उरलेल्या तेराशेतला मोठा वाटा बुटांना. दादाच्या लग्नातले बूट चार वर्षं खोक्यात आहेत, दोनदाच घातलेत, नवेच आहेत, असं म्हणून लोक मुलाखतीच्या सकाळी ते बाहेर काढतात. बऱ्याच हलक्या बुटांचा सोल पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजत जातो आणि न वापरता पडून राहिला तरी कुजतो. वरून बूट झकास दिसतो. रिक्षातून उतरून वीस पावलं चाललं की सोल बिस्किटासारखा तुटायला लागतो आणि लिफ्टपर्यंत काळ्या तुकड्यांची वाट तयार होते. गम लावून काही होत नाही, कारण चिकटवायला घट्ट भागच उरलेला नसतो.

म्हणून आठवडाभर आधी बूट काढा, सोल अंगठ्याने दाबा. खड्डा पडून तसाच राहिला किंवा भुगा निघाला तर बूट दुरुस्तीवाल्याकडे जाऊन रबरी सोल बसवून घ्या. वरचं चामडं चांगलं असेल तर नव्या बुटाच्या खर्चापेक्षा हे स्वस्त पडतं. नवे घेणार असाल तर संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, सकाळी घेतलेले बूट संध्याकाळी चावतात. मोजे पँटीच्या रंगाचे, पोटरीपर्यंतचे. पट्टा बुटांच्या रंगाचा. पट्ट्याच्या बकलवर सिंह-गरुड नकोत, बाकी काहीही चालेल.

एवढं करूनही ऐनवेळी काहीतरी होतंच

ब्लेझर उसना मिळालाच आणि नवाकोरा असेल तर बाहीवरचं लेबल काढा आणि मागच्या कटवरचा फुलीचा टाका कापा. तो दुकानापुरता असतो, पण तसाच ठेवून हिंडणारे ढीगभर भेटतात.

काळी पँट इस्त्रीने चकाकत असेल तर वर ओला सुती रुमाल ठेवून हलकी इस्त्री फिरवा, चमक बरीच कमी होते. पुढच्या वेळी उलटी करून इस्त्री करा. खिशाला बॉलपेनची शाई लागली तर आत टिश्यू ठेवून वरून कापसाने सॅनिटायझर टिपा. चोळू नका, पसरते. आधी शर्टाच्या आतल्या कोपऱ्यात लावून रंग जात नाही ना ते बघा. पोह्यांची हळद सांडली तर साबण लावू नका, डाग लाल होतो. नुसत्या पाण्याने धुऊन वेळ असेल तर उन्हात धरा, उन्हाने हळद उडते. खरं तर नाश्ता करून मगच शर्ट घालावा.

पावसाळ्यात, आणि कॉलेजातल्या मुलाखती बहुतेक त्याच सुमारास सुरू होतात, शर्ट घालून दुचाकीवर निघू नका. टी-शर्टावर जा, शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत सपाट घडी घालून न्या आणि तिथल्या वॉशरूममध्ये बदला. दुसरी फेरी दुसऱ्याच दिवशी आहे असं कळलं तर तोच शर्ट रात्री धुऊन, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा आणि पंख्याखाली हँगरला लावा. सकाळी कॉलर आणि कफ दमट राहिलेले असतील, तिथे आधी इस्त्री फिरवा.