जिनिंग कारखान्याने हरितगृह वायूंचा हिशेब कसा मांडावा

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला आहे. हिंगणघाट किंवा वणीकडचा जिनिंग कारखाना, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना, त्या यादीत नसतो. पण त्याच्या गाठी घेणारी कंपनी त्यात असली, तर आज ना उद्या उत्सर्जनाचे आकडे त्यालाही मागितले जातात.

आकडेमोडीआधी हद्द ठरवावी. आवारातील तेलघाणा भाड्याने दिलेला असल्यास तो आपल्या हिशेबात धरायचा की नाही, हे लेखी नमूद करावे आणि दरवर्षी तोच नियम पाळावा. हरितगृह वायूंच्या हिशेबासाठी जगभर रूढ असलेल्या जीएचजी प्रोटोकॉल या नियमावलीमध्ये उत्सर्जनाचे तीन भाग आहेत: स्वतःच्या मालकीच्या किंवा ताब्यातील यंत्रांत व वाहनांत जळणारे इंधन पहिल्या भागात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात आणि साखळीत इतरत्र होणारे उत्सर्जन तिसऱ्यात.

जनरेटरच्या डिझेलच्या बाबतीत खरेदीच्या पावत्यांची बेरीज म्हणजे वापर, ही चूक फार सर्रास होते. समजा, 1 एप्रिलला टाकीत काडी बुडवून मोजलेले डिझेल 380 लिटर होते, वर्षभरात 2,600 लिटर आले आणि 31 मार्चला 240 लिटर उरले. तर वापर 2,740 लिटर झाला. एक लिटर जळाल्यावर सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे जनरेटरचे उत्सर्जन सुमारे 7.3 टन भरते.

विजेसाठी बिलावरील युनिट घ्यावेत, मीटरवर दिसणारा आकडा नव्हे, कारण उच्चदाब जोडणीत तो गुणकाने वाढवावा लागतो. बिलाची मुदत महिन्याच्या मधोमध संपत असेल, तर मार्च-एप्रिलचे युनिट दिवसांच्या प्रमाणात वाटून घ्यावेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ग्रीडचा उत्सर्जन-गुणांक, म्हणजे एका युनिटमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड, प्रसिद्ध करते. तो प्रतियुनिट सुमारे 0.7 किलो आहे. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र जवळ आहे म्हणून वेगळा गुणांक लावू नये, कारण हा देशाच्या संपूर्ण ग्रीडचा आहे.

बॉयलरमध्ये पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) जाळत असल्यास तिचा कार्बन डायऑक्साइड तिन्ही भागांबाहेर स्वतंत्रपणे दाखवावा. तो लपवणेही चूक आणि कोळशाच्या ओळीत मिसळणेही चूक; ज्वलनातील मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र पहिल्या भागातच मोजावेत.

खरी अडचण तिसऱ्या भागाची आहे, कारण कापूस शेतात पिकतो आणि त्याला घातलेल्या खतातूनही हरितगृह वायू निघतो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 20.7 किलो नत्र असते. आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या प्रचलित गृहीतकानुसार त्यातील 1 टक्का नत्र थेट नायट्रस ऑक्साइड म्हणून निसटते; ते 0.325 किलो भरते आणि 273 या तापमानवाढ-गुणांकाने (हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा) सुमारे 89 किलो कार्बन डायऑक्साइडइतके होते. कोणत्या शेतकऱ्याने किती गोण्या टाकल्या हे काट्यावर गाडी रिकामी होताना कोणी विचारत नाही. ते हंगामात थोड्या शेतकऱ्यांकडून विचारून नोंदवावे आणि अहवालात त्या आकड्यापुढे ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहावे.

अहवालात आधारवर्ष (ज्या वर्षाशी पुढच्या आकड्यांची तुलना करायची ते), गुणांकांचे वर्ष आणि वगळलेल्या बाबी कारणांसह द्याव्यात. पुढे दुसरा एखादा चालू तेलघाणा विकत घेतला, तर आधारवर्षाचा आकडाही त्याला धरून पुन्हा काढावा. अन्यथा कारखाना मोठा झाल्यामुळे वाढलेला आकडा कामातील ढिलाई म्हणून वाचला जाईल.