जिंकणाऱ्या कोचवर भरवसा किती ठेवायचा: आमच्या वडगावच्या वहीची पद्धत

ज्या कोचने कप आणून दिला त्यानेच आपला आवडता खेळाडू विकला, की मॅच बघणाऱ्या कुठल्याही गटात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "त्यानं जिंकून दाखवलंय, तुला काय कळतंय गा?" दुसरा म्हणतो, "डोक्यात हवा गेली त्याच्या." एकदा बाजू धरली की दोघांनाही पुढे विचार करावा लागत नाही. मला हे मनापासून लागतं. संघ बांधणं ही फुटबॉलमधली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट आहे, आणि नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये तिचा थोडाच भाग दिसतो.

वाद बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. नीट कसा घालायचा ते सांगते. सगळ्याचा पाया हा: कोचवर घाऊक भरवसा ठेवायचा नाही, एकेका निर्णयावर वेगळा ठेवायचा.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली माग, वर माडीवर टीव्ही. धाकटा भाऊ आणि त्याचे मित्र, शहापूरचे मामा, शेजारचे अण्णा असे सगळे माडीवर जमतात. अण्णा घरी कन्नड बोलतात आणि एफसी गोवा या क्लबचे कट्टर आहेत. भाऊ बेंगळुरू एफसीचा. मामा मँचेस्टर युनायटेडचे, फर्ग्युसन कोच होता त्या काळापासूनचे. मागाचा हिशेब मी लिहिते, म्हणून वादाची वहीही माझ्याकडेच आली.

पान कसं लिहायचं

निर्णय जाहीर झाला की पुढची मॅच होण्याआधी पान लिहा. वर निर्णय. त्याखाली कोचला त्यातून काय साधायचं असावं, याचा अंदाज. मग प्रत्येकाचं मत एका वाक्यात, नावासकट. शेवटी पान पुन्हा कधी उघडायचं ते. आम्ही लीगच्या दहा मॅच झाल्यावर एकदा आणि सीझन संपल्यावर दुसऱ्यांदा उघडतो. हरलेल्या मॅचच्या रात्री सुचलेलं मत आमच्याकडे धरलं जात नाही, मग ते मामांचं असो की कोणाचंही.

मुदत का हवी? मागावर नवा बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) सांधला की ताण बसायला वेळ लागतो, आणि सुरुवातीच्या वारभर कापडावरून कोणी विणकराची पारख करत नाही. १९९५ च्या उन्हाळ्यात फर्ग्युसनने पॉल इन्स, मार्क ह्यूज आणि कांचेल्स्किस हे तिघे एकदम जाऊ दिले आणि घरच्या पोरांना उतरवलं. पहिल्याच मॅचला अॅस्टन व्हिलाकडून ३-१ ने हरले. टीव्हीवरच्या जाणकारांनीही पोरांच्या जोरावर काही जिंकता येत नाही असं ऐकवलं. त्याच सीझनला युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. त्या पहिल्या रात्री कोणी वही लिहिली असती, तर ती आज वाचताना लाज वाटली असती.

कोचला काय दिसतं आणि आपल्याला काय दिसतं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. पानावर निर्णय लिहिला की एक प्रश्न विचारा: या बाबतीत कोचला आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे का?

काही गोष्टी फक्त त्यालाच दिसतात. सरावात कोण जीव तोडून पळतो, कोणाचा गुडघा सकाळी सुजलेला असतो, कोण ड्रेसिंग रूममध्ये चारचौघांना बिघडवतो, कुठला सतरा वर्षांचा पोरगा उद्या तयार होणार आहे. अशा निर्णयात कोचच्या पारड्यात जास्त भरवसा टाकायचा. १९९५ च्या त्या पोरांपैकी बरेच जण १९९२ चा युथ कप, म्हणजे क्लबांच्या पोरांच्या संघांची स्पर्धा, जिंकलेले होते. फर्ग्युसन १९८६ पासून क्लबमध्ये होता, म्हणजे ही पोरं त्याच्या डोळ्यांसमोरच वाढली. टीव्हीसमोर बसलेल्या कोणाकडेच एवढी माहिती नव्हती.

काही गोष्टी मात्र त्याच्याइतक्याच आपल्यालाही दिसतात. खेळाडूचं वय, त्या जागेवर मागे किती जण उभे आहेत, सीझनला किती मॅच आहेत, आणि मधल्या फळीतला मुख्य माणूस पडला तर कोण खेळणार. इथे "त्याला जास्त कळतं" हे उत्तर चालत नाही, मग त्याने कितीही कप आणलेले असोत.

युनायटेडचा बचावपटू याप स्टामचं पान घ्या. ऑगस्ट २००१ मध्ये फर्ग्युसनने त्याला इटलीच्या लाझिओला विकलं आणि त्याच्या जागी लोरां ब्लांला आणलं. दुखापतीनंतर स्टाम मंदावला, असं फर्ग्युसनला वाटत होतं. स्टामच्या पायाची खबर त्यालाच जास्त असणार, हे आपण मान्य करू. पण ब्लां पस्तिशीचा आहे हे सगळ्या जगाला दिसत होतं. युनायटेड त्या वर्षी तिसरं आलं, आणि स्टामला विकणं ही चूक होती हे फर्ग्युसनने पुढे स्वतः कबूल केलं. मामांना हे पान आवडत नाही, तरी ते वहीत आहे. हाच ब्लां २०२१ च्या एप्रिलमध्ये कतारच्या अल रय्यान क्लबचा कोच म्हणून गोव्यातल्या फातोर्ड्याला आला आणि एफसी गोव्याने त्याच्या संघाला ०-० वर रोखलं, ही अण्णांची भर.

दुखापतीच्या बाबतीत गफलत फार होते, म्हणून जरा थांबते. २०२४ च्या उन्हाळ्यात पेप गार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीने सलग चौथं लीग विजेतेपद खिशात असताना स्ट्रायकर हुलियान अल्वारेझला विकलं आणि नवे खेळाडू जवळपास घेतलेच नाहीत. सप्टेंबरमध्ये आर्सेनलविरुद्ध मधल्या फळीतल्या रॉड्रीचा गुडघा गेला. पुढे तेरा मॅचमध्ये एकच विजय, असा काळ आला आणि सिटी शेवटी तिसरी आली. भावाचा मित्र म्हणाला, "नशीब फुटलं, पेप काय करणार?" रॉड्रीचा गुडघा जाणं हे नशीबच, त्याचा दोष कोचला देऊ नका. त्याच्या जागेवर दुसरा तसा माणूस नसणं हा मात्र निर्णय होता. उन्हाळ्यात नवे खेळाडू नकोत असं आपणच म्हणालो होतो, हे गार्डिओलाने नंतर उघडपणे सांगितलं. वहीत दुखापतीचा रकाना वेगळा आणि बेंचचा, म्हणजे राखीव खेळाडूंचा, वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र केले की वादाला टोकच राहत नाही.

विचार एका बाजूला, माणूस एका बाजूला

निर्णय एकच वाटतो, पण त्यात दोन असतात: कशा प्रकारचा खेळाडू हवा, आणि त्यासाठी नेमका कोण आणला. दोघांना वेगळे गुण द्या.

२०१६ मध्ये गार्डिओला सिटीत आला आणि गोली (गोलकीपर) जो हार्टला लोनवर, म्हणजे उसना, इटलीच्या तोरिनोला पाठवलं. हार्ट लोकांचा लाडका, त्यामुळे आरडाओरड झाली. पायाने पास खेळून हल्ल्याची सुरुवात करणारा गोली हवा, हा विचार होता. त्यासाठी आणलेला क्लॉडिओ ब्राव्हो मात्र अडखळला, आणि त्या सीझनला सिटीला एकही ट्रॉफी मिळाली नाही. तेव्हा बहुतेकांनी विचारच चुकला असं ठरवून टाकलं. गार्डिओलाने विचार तसाच ठेवला आणि माणूस बदलला. २०१७ ला एडरसन आला. झाबालेटा, सान्या, क्लिशी, कोलारोव हे चारही वय झालेले फुलबॅक (बचावाच्या दोन कडांना खेळणारे) एकाच उन्हाळ्यात गेले, आणि पुढच्या सीझनला सिटीने लीगमध्ये १०० गुण केले. आमच्या माडीवर या पानाला विचारासाठी पूर्ण गुण आहेत, पहिल्या माणसासाठी शून्य. एखादा कोच पहिला माणूस फसल्यावर काय करतो, ते मला सगळ्यात जास्त सांगून जातं.

विकण्याचं पान लिहिताना पैसा कुठे गेला तेही लिहा. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलचा कुटिन्यो बार्सेलोनाला गेला, त्याच महिन्यात बचावपटू व्हॅन डाइक आला आणि उन्हाळ्यात गोली अॅलिसन. २०१९ चा चॅम्पियन्स लीग कप त्यानंतरचा. नुसतं "कुटिन्यो गेला" एवढंच लिहिलेलं पान अर्धं असतं.

तो जिंकला कोणाच्या संघाने?

जिंकवणं आणि बांधणं ही दोन कामं आहेत. हे आमच्या भागातल्या लोकांना सांगायला कार्लेस क्वाद्रात पुरतो. २०१८-१९ ला कोच म्हणून त्याने बेंगळुरूला आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकून दिली. मुंबईतल्या फायनलला जादा वेळात राहुल भेकेचं हेडर आणि गोवा १-० ने हरलं, तो अण्णांचा काळा दिवस. पण तो संघ बराचसा आधीचा कोच अल्बर्ट रोकाच्या काळात उभा राहिलेला, आणि रोकाच्या हाताखाली क्वाद्रात सहायक होता. म्हणजे बांधणीत त्याचा वाटा होता, पण निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. पुढच्या सीझनला स्ट्रायकर मिकू नव्हता आणि पोकळी भरायचं काम पहिल्यांदाच त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आलं. २०२१ च्या जानेवारीत त्याला जावं लागलं. "चॅम्पियन कोच आहे, गप्प बसा" असं भाऊ वर्षभर म्हणायचा. चॅम्पियन तो होताच, पण भाऊ ज्या कामाबद्दल भरवसा मागत होता ते त्याने त्याआधी एकट्याने केलेलं नव्हतं.

त्याच फायनलमध्ये समोरच्या बाकावर गोव्याचा कोच सर्जिओ लोबेरा होता. आमच्या वहीतलं सगळ्यात मोठं पान त्याचं आहे. २०१७ पासून गोव्याला त्याने देखणा फुटबॉल दिला, २०१९ चा सुपर कप दिला. २०२० च्या सुरुवातीला संघ गुणतक्त्यात वर असताना क्लबने त्याला काढलं. (हा निर्णय क्लबचा. पानावर निर्णय कोचचा की मालकांचा, हे आधी लिहा. निम्मा वाद तिथेच मिटतो.) क्लिफर्ड मिरांडाने राहिलेल्या मॅच सांभाळल्या आणि गोव्याने लीग शील्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याला मिळते ती) जिंकली. मग लोबेरा मुंबई सिटीला गेला आणि त्याच्यापाठोपाठ मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि आपल्या गोव्याचाच मंदार राव देसाई तिकडे गेले. २०२०-२१ ला मुंबईने शील्ड आणि बाद फेरीनंतरचा कप दोन्ही घेतले, आणि वाटेत सेमीफायनलला गोव्यालाच पेनल्टीवर हरवलं.

अण्णांचं म्हणणं: "स्वतःची माणसं घेऊन जाणारा कोच संघ बांधत नाही, उचलून नेतो." मुद्दा वजनदार आहे. त्याला उत्तर द्यायचं तर खेळाडूगणिक द्यावं लागतं. मंदार मुळात विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा. त्याला लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) लोबेरानेच केलं, आणि ते सरावात बघूनच कळण्यासारखं होतं. हे बांधणं. बिपिन सिंग लोबेरा यायच्या आधीपासून मुंबईत होता. लोबेराच्या हाताखाली तो फुलला आणि फायनलचा विजयी गोल शेवटच्या मिनिटाला त्यानेच मारला. हेही बांधणं. जाहू, फॉल, बूमूस मात्र तयार होऊन आले होते. आणि लोबेरा गेल्यावरही गोवा सेमीफायनलपर्यंत पोचलं, म्हणजे त्याने उभं केलेलं थोडं तिथे उरलं होतं. अण्णांनी त्या पानाखाली स्वतःच्या हाताने बिपिनचं नाव लिहिलं. मत बदललं नाही, पण आता ते नुसतं "चोर" म्हणत नाहीत. कोणत्या खेळाडूबद्दल बोलतोय ते आधी सांगतात.

माडीवर बोलायचे नियम

समोरच्याचं मत त्याला पटेल अशा शब्दांत आधी सांगायचं, मग खोडायचं. वयाचा मान राखायचा, पण वय हा पुरावा नाही. भाऊ म्हणतो, "मामा, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल की, पण बेंचवर कोण आहे ते सांगा." असं विचारलं की मामांनाही नावं घ्यावी लागतात. एका वेळी एकच पान उघडायचं. मोबाइलवर दुसऱ्या कोणाचं मत वाचून दाखवायचं नाही, आकडा लागला तर बघायचा आणि फोन ठेवायचा.

टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे संघाची घडण फारशी दिसत नाही. त्यासाठी लेले मैदानावर जा, किंवा कोल्हापूरला शाहू स्टेडियमला, आणि गोलच्या मागे उभं राहा. थोडा वेळ चेंडू सोडून एकाच मिडफिल्डरवर नजर ठेवा. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो कुठे उभा राहतो, कोणाची मोकळी जागा भरतो, ते बघा. रॉड्रीशिवाय सिटी का ढासळली, हे मला अशी नजर बसल्यावर नीट समजलं. पोरांना सोबत न्या, त्यांना चटकन दिसतं.

पान उघडायची वेळ आली की

दहा मॅचनंतर पान मोठ्याने वाचा, जसंच्या तसं. आधी विचाराचे गुण, मग माणसाचे, मग बेंचचे. ज्याचं मत खरं ठरलं त्याने कारणही सांगायचं. कारण वेगळंच निघालं तर मत खरं ठरलं असं धरायचं नाही. एखाद्या कोचची पाच-सहा पानं झाली की ती शेजारी ठेवून बघा. कोणी गोली निवडताना चुकत नाही पण स्ट्रायकर निवडताना चुकतो, कोणी घरची पोरं बरोबर ओळखतो पण वय झालेल्यांना सोडायला उशीर करतो, हे पानांवरून दिसायला लागतं. मग त्याचा पुढचा निर्णय जाहीर झाला की आपला भरवसा कुठे ठेवायचा आणि कुठे राखून ठेवायचा, ते ठरवायला हाताशी काहीतरी असतं. ज्या पानाचा निकाल सीझनअखेरही लागत नाही, त्याच्याखाली नवी तारीख घाला आणि कोणाचंही मत खोडू नका.