शोषखड्ड्यासाठी जमीन तपासताय? या चुका टाळा

मुंबईत आता कुठे आल्या सेप्टिक टाक्या, असं दादर-परळच्या माणसाला वाटतं. त्याने एकदा मनोरी, गोराई, मढची गावठाणं किंवा आरेतले पाडे फिरून यावं. गटारलाइन न पोहोचलेली घरं तिथे आजही आहेत. टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीतच मुरवावं लागतं. टाकीचं बांधकाम सहसा बिघडत नाही. बिघडतो तो शोषखड्डा, म्हणजे हे पाणी मुरवणारा खड्डा, कारण माती न बघताच खणलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक मे महिन्यातली. खड्डा खणायचा, दोन बादल्या पाणी ओतायचं, पाच मिनिटांत गायब झालं की खूश होऊन सिमेंटच्या रिंगा मागवायच्या. अहो, मे महिन्यात भेगाळलेली जमीन कितीही पाणी पिते. माझ्याही हातून हे झालंय, मढला. जुलैत संडासातलं पाणी उतरेना, तेव्हा घरच्या काकू म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात ना, जमीन तहानलेली आहे म्हणून?" काय बोलणार! चिकण माती भिजली की फुगते आणि पाझर आवळला जातो. म्हणून चाचणी भिजलेल्या मातीची करायची.

सेप्टिक टाक्यांसाठीचं भारतीय मानक आहे आयएस २४७०, त्याच्या दुसऱ्या भागात या चाचणीची पद्धत दिली आहे. १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचं, उभ्या कडांचं भोक घ्या. तळाला ५ सेंटिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी टाका आणि खडीच्या वर निदान ३० सेंटिमीटर पाणी भरा. मोजमाप २४ तासांनी. दुसऱ्या दिवशी भोक कोरडं असेल तर १५ सेंटिमीटर पाणी भरून दर अर्ध्या तासाला पातळी किती उतरली ते लिहायचं, लागेल तसं पुन्हा भरायचं, असं ४ तास. हिशोबाला धरायचा तो शेवटचा अर्धा तास.

इथेच लोक घाई करतात. समजा पहिल्या अर्ध्या तासात पाणी ९ सेंटिमीटर उतरलं आणि शेवटच्या अर्ध्या तासात २. पाझराचा दर म्हणजे पाणी २५ मिलिमीटर उतरायला लागणारी मिनिटं. पहिला आकडा धरला तर साधारण ८ मिनिटं, शेवटचा धरला तर साडेसदतीस. ३० च्या वर गेलं की शोषखड्डा विसरा. ६० च्या वर गेलं तर जमिनीत पाणी सोडायचा विचारच नको, टाकीतलं पाणी गाळून शुद्ध करणाऱ्या फिल्टरकडे वळा.

पाझराचा दर १० मिनिटं असेल तर एका चौरस मीटरमध्ये दिवसाला साधारण ६५ लिटर पाणी मुरतं, ३० असेल तर ३७ लिटर. रोज ५०० लिटर पाणी निघणाऱ्या घराला पहिल्या जमिनीत पावणेआठ चौरस मीटर लागतील, दुसऱ्या जमिनीत साडेतेरा. शेजाऱ्याच्या खड्ड्याचं माप उचलून आणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

भोकाच्या कडांकडे कुणी बघत नाही. ओल्या चिकण मातीत पहार फिरवली की कडा पाटीसारख्या गुळगुळीत होतात, बोट फिरवलं तर चमकतात. त्या चकाकीतून पाणी जात नाही आणि चांगली जमीनही नापास होते. खिळ्याने कडा खरवडा, सुटी माती काढा, मगच खडी टाका.

खोलीही चुकते. वर दोन फूट मुरमाचा भराव, खाली खाडीचा काळा गाळ किंवा थेट कातळ, अशा जागा मुंबईत हव्या तेवढ्या. वरच्या मुरमात चाचणी केली तर ती मुरमाची झाली. पाणी जिथे मुरायचंय त्या खोलीवर भोक घ्या, आणि एकावर भागवू नका.

गोराई-मनोरीच्या वाळूत उलटंच होतं. १५ सेंटिमीटर पाणी अर्धा तासही टिकत नाही, म्हणून तिथे दर १० मिनिटांनी मोजायचं, एक तासभर. पण भरभर मुरतंय म्हणजे सगळं ठीक, असं नाही. पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी कुठवर चढतं ते जवळच्या विहिरीत डोकावून बघा, ऑगस्टमध्ये. ते जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल तर खोल खड्डा म्हणजे मैल्याचं पाणी थेट भूजलात.

आणि खड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब हवा. टेप घेऊन मोजायला सांगितलं की हमखास उत्तर येतं, "आमची विहीर लांब आहे हो." कुंपणापलीकडे पाच पावलांवर दिसणारी विहीर कुणाची, असं विचारावं, तर ती शेजाऱ्यांची.